चिठ्ठीत केनिया निघाला: मुलांच्या देशाच्या प्रोजेक्टमध्ये आई-बाबांनी काय करायचं

दप्तर सोफ्यावर टाकत लेक म्हणाली, "आई, मला केनिया आलाय. पंधरा दिवसांत द्यायचाय." पाचवीच्या वर्गात बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मैत्रिणीला जपान निघाला, शेजारच्या बाकावरच्या मुलाला फ्रान्स, आणि हिच्या हाती केनिया. चेहरा उतरला होता, कारण केनिया म्हटल्यावर तिला सिंहाखेरीज काहीच आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

नवी मुंबईत, नेरुळला आमच्या इमारतीत दर वर्षी दोन-चार घरांत हा प्रसंग येतो. ज्यांच्या मुलाचं हे पहिलंच प्रोजेक्ट असतं, ते आई-बाबा गोंधळून जातात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी यातून दोनदा गेले. थोरल्याच्या वेळी ब्राझील होता. शेवटच्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून सगळा तक्ता मीच केला. दिसायला सुरेख झाला. वर्गात सरांनी त्याला एकच विचारलं, "रिओ दि जानिरोसारखं मोठं शहर असताना १९६० साली राजधानी ब्राझिलियाला का नेली?" साल तक्त्यावर होतं, मी लिहिलेलं. कारण त्याला ठाऊक नव्हतं. घरी येऊन तो म्हणाला, "ते प्रोजेक्ट तुझं होतं ना." ते वाक्य मला लागलं. म्हणून धाकटीच्या वेळी आधीच ठरवून टाकलं: वेळ, सामान आणि प्रश्न माझे, उत्तरं, अक्षर आणि चुका तिच्या.

आधी सूचनांचा कागद नीट वाचा

शाळेने दिलेली सूचना मुलाला मोठ्याने वाचायला लावा. तक्ता हवा की फाईल, मॉडेल हवं की फक्त तोंडी सांगायचं, हाताने लिहायचं की टाइप केलेलं चालेल, एकट्याने करायचं की गटात, आणि तारीख कोणती, हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. काही समजलं नाही तर मुलाने दुसऱ्या दिवशी बाईंना विचारावं. रात्री अकराला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. तिथे पाच जण पाच गोष्टी सांगतात आणि त्यातलं एक थर्माकोलचं ताजमहालाएवढं मॉडेल असतं.

पंधरा दिवस पुष्कळ वाटतात, पण हार्बर लाइनने घरी पोचून हात-पाय धुवेपर्यंत आठ वाजलेले असतात. आम्ही रोज वीस मिनिटं ठरवली, जेवणाआधी. शनिवार-रविवार थोडा जास्त वेळ. बाहेर जायची कामं, म्हणजे वाचनालय, स्टेशनरी, खाडी, सगळी पहिल्याच शनिवार-रविवारी उरकली. शेवटचे तीन दिवस काहीच नवीन करायचं नाही, फक्त सांगायचा सराव, असा नियम होता आणि तो आम्ही पाळला.

पहिली संध्याकाळ: मोबाइल बाजूला, नकाशा पुढे

एक साधी दोनशेपानी वही घ्या. डाव्या पानावर "मला काय वाटतं" आणि उजव्या पानावर "काय निघालं". आमच्या लेकीने डाव्या पानावर लिहिलं: तिथे खूप ऊन असतं. सगळीकडे जंगल असतं. लोक आफ्रिकन भाषा बोलतात. घरं गवताची असतात. मी एकही वाक्य खोडलं नाही. चुकीचं असू दे, पण ते तिचं होतं, आणि पुढचे दहा दिवस तिला ते तपासायचं होतं.

मग ॲटलास उघडला. ॲटलास भारतात छापलेला घ्या. परदेशी संकेतस्थळांवरच्या जगाच्या नकाशांत जम्मू-काश्मीरची सीमा अनेकदा आपल्या अधिकृत नकाशापेक्षा वेगळी दाखवलेली असते आणि शाळेत तो नकाशा परत येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळणारा असेल तर काळजी नाही. बोट मुंबईवर ठेवून पश्चिमेकडे, मग थोडं खाली न्यायला सांगा. अरबी समुद्र ओलांडला की आफ्रिकेचा किनारा येतो. केनिया तिथेच आहे. शेजारी टांझानिया, युगांडा, दक्षिण सुदान, इथिओपिया आणि सोमालिया. विषुववृत्त देशाच्या मधून जातं.

इथे पहिली गंमत घडली. विषुववृत्त मधून जातं म्हणजे राजधानी नैरोबी भाजून निघत असणार, असं तिने ठरवून टाकलं. मी विचारलं, "नैरोबी किती उंचावर आहे ते बघ." निघालं १,७०० मीटरपेक्षा जास्त. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे एक अख्खी राजधानी कळसूबाईच्या माथ्याहून उंच वसली आहे आणि जुलैत तिथले लोक स्वेटर घालतात. पुढे माउंट केनिया सापडला, ५,१९९ मीटर, विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून, आणि माथ्यावर हिमनद्या. "खूप ऊन असतं" यापुढे तिने उजव्या पानावर दोन ओळी लिहिल्या आणि त्या वाचून दाखवायला आजीकडे धावली. त्या संध्याकाळी मला प्रोजेक्टची काळजी राहिली नाही.

घरातून त्या देशापर्यंत जाणारा धागा

प्रत्येक तक्त्यावर झेंडा, राजधानी, चलन, भाषा, राष्ट्रीय प्राणी असतात. असायला हवेतच. पण तेवढ्याने मुलाला तो देश आपला वाटत नाही. त्याच्या रोजच्या आयुष्यातली एखादी गोष्ट त्या देशापर्यंत पोचते का, ते शोधा. अशी एक गोष्ट सापडली की बाकीची माहिती तिला चिकटत जाते. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. आम्हाला चार धागे सापडले.

पहिला खाडीतला. नवी मुंबईत चौकाचौकांत रोहित पक्ष्यांचे पुतळे आहेत, भिंतींवर त्यांची चित्रं आहेत, मुलं त्यांना फ्लेमिंगो म्हणूनच ओळखतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली ते रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं. केनियातही रोहित आहेत, रिफ्ट व्हॅली नावाच्या लांबलचक खचदरीतल्या नाकुरू, बोगोरिया आणि एलेमेंटाइता या तळ्यांवर. ही तीन तळी २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. दोन्हीकडे दोन जाती दिसतात. मोठ्या रोहितची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद लाल. दोघांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. नील-हरित शैवाल आणि त्यावर जगणारे बारीक जीव यांतल्या रंगद्रव्यातून. फरक पाण्यात आहे. तिथली तळी सोड्यासारखी खारी, आपली खाडी भरती-ओहोटीची.

लेकीने लगेच लिहून टाकलं की आपले रोहित केनियातून येतात. इथे थांबवावं लागलं. दोन ठिकाणी एकच पक्षी दिसतो म्हणजे तो एकातून दुसरीकडे उडत येतो असं नाही. आपल्याकडे येणाऱ्यांतले पुष्कळ कच्छच्या रणाकडून येतात. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये अशी जोडलेली वाक्यं फार असतात आणि ती खोटी असतात. "हे कुठे वाचलंस?" एवढाच प्रश्न पुरतो.

प्रोजेक्ट हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात आलं असेल तर मुलाला खरंच खाडीवर न्या. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा आहेत, ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीनेही जाता येतं. दुर्बीण नसली तरी चालेल. मुलाने तिथे उभं राहून काढलेलं वेडंवाकडं चित्र छापील फोटोपेक्षा मोलाचं आहे. पावसाळ्यात मात्र पक्षी नसतात, तेव्हा हट्ट करू नका, दुसरा धागा घ्या.

दुसरा धागा स्वयंपाकघरात आहे: चहा. केनिया जगातल्या सगळ्यात मोठ्या चहा निर्यातदारांपैकी एक आहे. केरिचोच्या डोंगरउतारांवर मळे आहेत, आणि तिथेही घरोघरी चहा दूध-साखर घालून उकळूनच पितात. त्याला म्हणतातही "चाय". या एका शब्दावरून आम्ही तिसऱ्या धाग्यावर आलो, आणि तो सगळ्यात लांब निघाला.

केनियाच्या दोन अधिकृत भाषा, स्वाहिली आणि इंग्रजी. स्वाहिलीत पैशाला "पेसा", दुकानाला "डुका", गाडीला "गारी", रंगाला "रांगी", साबणाला "साबुनी", हिशेबाला "हेसाबू", जगाला "दुनिया", पुस्तकाला "किताबू", बंदराला "बंदारी". चपातीला चपातीच. माझ्या सासूबाईंना यादी वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, या तर आपल्याच बायका, लुगडं वेगळं नेसलेल्या." हे असं का, तर अरब, इराणी आणि भारतीय व्यापाऱ्यांची जहाजं शेकडो वर्षं मोसमी वाऱ्यांवर या दोन किनाऱ्यांमध्ये ये-जा करत होती. हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्याने आफ्रिकेकडे, पावसाळी नैर्ऋत्य वाऱ्याने परत. जो वारा आपल्या खिडकीवर पाऊस आपटतो, त्यानेच ती जहाजं परत येत, आणि हिवाळ्यात उलट्या वाऱ्याने हे शब्द तिकडे जात. हा भाग लेकीने तक्त्याच्या मध्यभागी ठेवला: दोन किनारे, मध्ये निळा घोटीव कागद, त्यावर कागदी होड्या, आणि प्रत्येक होडीच्या शिडावर एक शब्द.

स्वाहिलीत वेळही वेगळी मोजतात. दिवस सूर्योदयापासून धरतात, म्हणून आपल्या सकाळच्या सातला तिथे "एक वाजला" म्हणतात. विषुववृत्तावर सूर्य बारा महिने साधारण एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हे जमतं. मुलांना हे फार आवडतं. दोन काट्यांची दोन घड्याळं पुठ्ठ्याची करा, वर्गात सगळे पुढे येऊन फिरवतात.

चौथा धागा रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला थांबली, हे आपल्या भागातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. केनियात मोंबासाच्या बंदरातून रेल्वे बांधायला १८९६ साली सुरुवात झाली. १८९९ साली ती एका दलदलीच्या माळावर पोचली, तिथे सामानाचा डेपो झाला, आणि त्या डेपोचं नैरोबी झालं. १९०१ साली रूळ व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. ते घालायला ब्रिटिशांनी भारतातून सुमारे ३२,००० मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. सुमारे अडीच हजार माणसं कामावर मेली. मुलांना हे सांगावं की नाही, असा प्रश्न आमच्या घरी आला. मी सांगितलं. पाचवीतल्या मुलाला रेल्वे आपोआप झाली असं वाटू नये. काही मजूर तिथेच राहिले, पाठोपाठ दुकानदार गेले, आणि २०१७ साली केनिया सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. "म्हणजे केनियात आपल्यासारखे दिसणारे केनियन पण आहेत?" असं तिने विचारलं. उजव्या पानावर आणखी एक ओळ वाढली.

माहिती कुठून घ्यायची

सुरुवात पुस्तकापासून करा, कारण पुस्तकात एका पानावर एकच गोष्ट असते आणि मूल भरकटत नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. देशाचं नाव केनिया आणि केन्या, दोन्ही तऱ्हेने शोधा. छापील खंड काही दशकांपूर्वीचे आहेत, त्यामुळे भूगोल आणि इतिहास तिथून घ्या, लोकसंख्या मात्र नव्या ठिकाणाहून. सुटीच्या दिवशी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला जाणं जमत असेल तर मराठी ग्रंथ संग्रहालय बघून या. ते १८९३ सालचं आहे. मुलाला फक्त आपलं पुस्तक घेऊन बाहेर येऊ देऊ नका, कपाटांमधून थोडं फिरू द्या.

इंटरनेटवर बसताना शेजारी बसा. प्रत्येक आकड्यापुढे साल आणि ठिकाण लिहायची सवय लावा. दोन जागी वेगळे आकडे आले तर खोडू नका, दोन्ही लिहा आणि का वेगळे असतील त्यावर बोला. चॅटबॉटला विचारलं तरी हरकत नाही, पण त्याने दिलेली प्रत्येक गोष्ट दुसरीकडे तपासायचीच. आणि वाचलं की पडदा बंद करून, आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. आमच्या घरी हा नियम कडक होता. "केनिया हे पूर्व आफ्रिकेतील एक निसर्गसमृद्ध राष्ट्र आहे" असं कुठलं दहा वर्षांचं मूल बोलतं? तिने लिहिलं, "केनिया समुद्राच्या पलीकडे आहे, आपल्या समोर." बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून "छान" लिहिलं.

आकडे मुगाने मोजा

क्षेत्रफळ आणि लोकसंख्या नुसती लिहून मुलांच्या डोक्यात काहीच राहत नाही. चौकटीच्या वहीचं पान घ्या. एक चौकट म्हणजे १०,००० चौरस किलोमीटर धरा. केनियाच्या ५८ चौकटी रंगवा, शेजारी महाराष्ट्राच्या ३१. मग मुगाचे दाणे घ्या, एक दाणा म्हणजे दहा लाख माणसं. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेप्रमाणे ४८ दाणे, महाराष्ट्राच्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११२. दाणे चौकटींवर पसरा. महाराष्ट्रात मुगावर मूग चढतो, केनियात चौकटी रिकाम्या राहतात. रिकाम्या का, हे विचारलं की उत्तरेकडचा कोरडा प्रदेश येतो, पाणी येतं, गुरं घेऊन फिरणारी माणसं येतात. दोन जनगणनांमध्ये आठ वर्षांचं अंतर आहे हेही पानाखाली लिहायला सांगा. दाणे फेव्हिकॉलने चिकटवून ते पान थेट तक्त्यावर लावलं.

सिंहाच्या पलीकडे: माणसं दाखवा

आफ्रिका हा देश नाही, खंड आहे, आणि त्यात पन्नासहून जास्त देश आहेत. ही गोष्ट मुलाच्या तोंडून वर्गात यायला हवी. मासाई मारा अभयारण्यातलं वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचं स्थलांतर जरूर घ्या, ते जगातल्या मोठ्या दृश्यांपैकी आहे. पण तक्त्याचा निम्मा भाग माणसांना द्या.

वांगारी मथाई यांनी १९७७ साली गावच्या बायकांना बरोबर घेऊन झाडं लावायची चळवळ उभी केली आणि २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन बाई. आपल्याकडे खाडीकाठच्या कांदळवनासाठी माणसं झगडताना मुलं बघतात, त्यांना ही गोष्ट लगेच कळते. धावपटू एलियुड किपचोगे २०१९ साली व्हिएन्नात दोन तासांच्या आत मॅरेथॉनचं अंतर धावला, १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. ती धाव खास आखलेली होती म्हणून अधिकृत विक्रमात धरली नाही, हेही लिहायचं. आणि मोबाइलवरून पैसे: एम-पेसा केनियात मार्च २००७ मध्ये सुरू झालं, साध्या बटणाच्या फोनवर, आपलं यूपीआय येण्याच्या नऊ वर्षं आधी. भाजीवाल्याकडे स्कॅन करणाऱ्या मुलाला हे सांगा. "मागासलेला देश" हा शब्द त्याच्या वहीत येणार नाही.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये बंदी घातली, महाराष्ट्रात ती २०१८ मध्ये आली. एवढी एक ओळ पुरे.

तक्ता, मॉडेल आणि ते शाळेत नेणं

स्टेशनरीच्या दुकानात देशांचे तयार तक्ते मिळतात, पैसे देऊन मॉडेल करून देणारेही आहेत. घेऊ नका. थर्माकोलही टाळा, किराणा दुकानातून खोकं मागून आणा, त्याचा पुठ्ठा पुरतो. रिफ्ट व्हॅलीचं मॉडेल आम्ही जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याचं केलं. पावसाळ्यात लगदा वाळायला तीन-चार दिवस लागतात आणि मैद्याच्या खळीला बुरशी येते, म्हणून त्या दिवसांत फेव्हिकॉलच वापरा आणि पंख्याखाली ठेवा.

झेंडा हाताने करायला लावा. वर काळा, मध्ये लाल, खाली हिरवा, या रंगांच्या सीमांवर पांढऱ्या बारीक पट्ट्या, आणि मधोमध मासाई जमातीची ढाल व दोन भाले. काळा पट्टा स्केचपेनने रंगवला की कागद फाटतो, काळा घोटीव कागद चिकटवा. काळा माणसांसाठी, लाल स्वातंत्र्यासाठी सांडलेल्या रक्तासाठी, हिरवा जमिनीसाठी, पांढरा शांततेसाठी, हे मुलाने चिकटवता चिकटवता म्हणावं. स्वातंत्र्य मिळालं १२ डिसेंबर १९६३ ला.

मॉडेलचा आकार ठरवताना मुलाचे हात मोजा. शाळेच्या बसमध्ये किंवा एनएमएमटीच्या शहर बसमध्ये ते त्यालाच मांडीवर धरायचं आहे.

अक्षर वाकडं आलं, एखादा शब्द चुकला, तर पेन हातात घेऊ नका. मला हे सगळ्यात जड गेलं. तिने "विषुववृत्त" तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलं होतं. मी फक्त म्हटलं, "तिन्ही एकदा शेजारी ठेवून बघ," आणि स्वयंपाकघरात गेले.

खाऊ न्यायचा असेल तर

काही शाळांत त्या देशाचा पदार्थ न्यायला सांगतात. केनियात रोजचं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड. दोन वाट्या पाणी उकळून त्यात पीठ घालत लाकडी चमच्याने घोटत राहायचं, कडेने सुटेपर्यंत. ज्या घरात मोदकाची उकड काढता येते तिथे उगाली जमतेच. आपल्याकडे सहज मिळतं ते पिवळं पीठ, म्हणून डब्यावर "खरी उगाली पांढरी असते" अशी चिठ्ठी लावा. बरोबर सुकुमा विकी, म्हणजे कांदा-टोमॅटोवर परतलेली पालेभाजी. नावाचा अर्थ "आठवडा ढकल". महिनाअखेरीला स्वस्त भाजीवर आठवडा काढणं कोणत्या घराला नवीन आहे? पालक घालून केली तरी चालते. कांदा-टोमॅटोची कचुंबरीही तिथे असते, म्हणजे आपली कोशिंबीर. वर्गात कुणाला कशाची ॲलर्जी आहे का, ते आधी विचारून घ्या.

वेशभूषा असेल तर एक गोष्ट मी कळकळीने सांगते: मुलाच्या तोंडाला काळा रंग फासू नका, कमरेला पानं बांधू नका. नैरोबीतलं मूल शर्ट-पँटचा गणवेश घालून शाळेत जातं, तुमच्या मुलासारखंच. मासाई लोकांची लाल चौकटीची शाल, शुका, खांद्यावर घ्या आणि ती मासाईंची आहे हे सांगा. तेवढं पुष्कळ.

वर्गासमोर बोलणं

सांगायला बहुधा तीन मिनिटं मिळतात. पाठ करून घेऊ नका. पोस्टकार्डाएवढ्या चार कार्डांवर चार धागे, प्रत्येक कार्डावर चार-पाच शब्द. घरी आजी-आजोबा बसवा, त्यांना प्रश्न विचारू द्या. आमच्या आजींनी विचारलं, "तिथल्या पोरी कोणता खेळ खेळतात गं?" लेकीला येईना. "मला माहीत नाही, शोधून सांगते," हे वाक्य तिला त्याच दिवशी शिकवलं आणि वर्गात ते कामी आलं.

सुरुवातीला स्वाहिलीत नमस्कार, "जांबो". शेवटी "असांते", म्हणजे धन्यवाद. आणि केनियाचं राष्ट्रीय ब्रीद "हराम्बे": सगळे मिळून ओढूया. तिने हे सांगताना दिवाळे कोळीवाड्यात बघितलेली होडी किनाऱ्यावर ओढणारी माणसं सांगितली. ते तिचं तिलाच सुचलं.

तुमच्या मुलाला दुसराच देश आला असेल तर

धागा तसाच शोधा. पोर्तुगाल आला तर बटाटा, पाव, चावी, पगार, घमेलं, नाताळ हे शब्द घरातच आहेत, आणि घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधलेला. ठाण्याचा तुरुंगही त्यांनी सुरू केलेल्या किल्ल्यात आहे, आणि तुरुंग हा शब्दही त्यांचाच. नेदरलँड्स आला तर समुद्रसपाटीखालची जमीन आणि पाणी अडवणारे बांध. आपल्या नवी मुंबईचे पावसाळी पाण्याचे तलाव, म्हणजे होल्डिंग पाँड, शहर वसवणाऱ्या सिडकोने त्याच धर्तीवर आखले. जपान आला तर १९६४ साली सुरू झालेली शिंकानसेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, आणि त्याच तंत्राची मुंबई-अहमदाबाद गाडी, जिचा सात किलोमीटरचा बोगदा ठाणे खाडीखालून जातो.

वही मात्र फेकू नका. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर लेकीने न सुटलेले प्रश्न लिहिले आहेत. पहिला आजींचा खेळांचा. दुसरा तिचा: नाकुरूच्या तळ्याचं पाणी गेल्या काही वर्षांत वाढलं आणि रोहित दुसऱ्या तळ्यांकडे गेले, मग आपल्या खाडीचं पाणी बदललं तर इथले रोहित कुठे जातील? पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा ऐरोलीला जाणार आहोत, तिथे विचारायला.